कुडझूचा वेल आणि वन्य प्राण्यांसाठीं पेरलेलें शेत

आमच्या एका सभासदांनीं पत्र लिहून आम्हांस एक प्रश्न विचारला आहे. त्यांचा पुतण्या नोकरीनिमित्त अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानांत स्थायिक झाला असून त्यानें तेथें चाळीस एकर जमीन खरेदी केली आहे. पैकीं सहा-सात एकरांवर एका वेलानें असें कांहीं आच्छादन घातलें आहे कीं, खालीं सपाट जमीन आहे, ओघळ आहे, कीं जुनें पडकें घर आहे, हेंही वरून कळत नाहीं. हा वेल काढून तेथें हरणें व पक्षी यांच्यासाठीं पीक पेरावें असा त्या तरुणाचा मनोदय आहे. काकांस दोन गोष्टींचें नवल वाटतें. एक, साधा वेल काढण्यास चार-चार वर्षें व इतका पैसा कां लागावा? दुसरी, येथें रानडुकरांपासून भुईमूग राखतां राखतां आमचे डोळे पांढरे होतात, आणि तेथें लोक पदरचें बियाणें पेरून रानांतल्या जनावरांस बोलावतात, हा काय प्रकार?

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर प्रथम देऊं, कारण तें थोडक्यांत आटोपतें. आपल्याकडे १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यानें शिकारीचा शौक बंद झाला. अमेरिकेंत तसें नाहीं. तेथें रानांतील जनावर संस्थान-सरकारच्या ताब्यांतलें समजतात, परंतु जमिनींत कोणास पाऊल टाकूं द्यावयाचें तें मालकाच्या हातीं असतें. ठराविक हंगामांत परवाना काढून हरीण, टर्की वगैरे मारण्याची मुभा आहे, आणि शिकारी लोक जमीनमालकास वर्षाचा खंड देऊन त्याच्या रानांत येण्याचा हक्क घेतात. दक्षिणेंत पुष्कळांची जमीन देवदाराच्या जातीच्या झाडांखालीं असते; लांकूड विकावयास वीस-पंचवीस वर्षें वाट पाहावी लागते. तोंपर्यंत सारा भरण्यास हा खंड उपयोगीं पडतो. शिकार न करतां केवळ पांखरें पाहण्याच्या हौसेनें पेरणारेही आहेत. अशा तुकड्यास तिकडे ‘फूड प्लॉट’ म्हणतात. आम्ही त्यास चारापट्टी म्हणूं. रानडुकरांचा उपद्रव तिकडेही आहे. त्यांस मात्र कोणी बोलावीत नाहीं. तीं आपण होऊन येतात.

आतां वेलाकडे वळूं. याचें नांव कुडझू. हा मूळचा चीन, जपान व कोरिया या देशांतला. जपानांत याच्या मुळांतलें सत्त्व काढून मिठाईंत घालतात. वनस्पतिशास्त्रांत हा प्युरेरिया गणांत मोडतो. आपल्या सह्याद्रीच्या जंगलांत ज्यास घोडवेल म्हणतात व ज्याचा कंद वैद्य लोक विदारीकंद म्हणून देतात, तो याच गणांतला. केरळांतील रबराच्या मळ्यांत जमीन झांकण्यासाठीं लावतात तो वेलही याचाच भाऊबंद. भाऊबंद आपल्या घरीं निमूट नांदत आहेत, आणि हा एक परदेशीं जाऊन माजला.

अमेरिकेंत तो प्रथम १८७६ सालीं फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनांत जपानी दालनांत लोकांच्या दृष्टीस पडला. मोठीं पानें, जांभळे तुरे आणि फुलांस पिकल्या द्राक्षांसारखा वास. तेव्हां दक्षिणेंतील लोकांनीं तो घराच्या ओसरीवर सावलीसाठीं चढविला. पुढें फ्लोरिडांतील चिपली गांवच्या प्लीझ नांवाच्या दांपत्यानें, गुरें तो आवडीनें खातात असें पाहून, त्याचीं रोपें विकण्याचा धंदा केला. पण खरा प्रसार सरकारनें केला. दक्षिणेंतल्या टेकड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या कापूस घेऊन जमिनी वाहून गेल्या होत्या. जॉर्जियांत प्रॉव्हिडन्स कॅनियन नांवाची जी दरी आज लोक मुद्दाम पाहावयास जातात, ती नदीनें कोरलेली नाहीं. एकोणिसाव्या शतकांतील निष्काळजी नांगरटीनें पडलेल्या त्या ओघळी आहेत, आणि कांहीं ठिकाणीं त्या दीडशें फूट खोल आहेत. १९३५ सालीं ह्यू बेनेट यांच्या हाताखालीं जें मृद्‌संधारण खातें निघालें, त्यास असा एक वेल हवाच होता कीं जो झपाट्यानें जमीन झांकील, द्विदल असल्यामुळें हवेंतील नत्र जमिनींत आणील आणि गुरांसही चालेल. खात्यानें सात कोटींहून अधिक रोपें वाढविलीं व लागवड करणारास एकरीं ८ डॉलरपर्यंत रक्कम दिली. अटलांट्याच्या दैनिकांत लिहिणारे व रेडिओवर बोलणारे चॅनिंग कोप यांनीं तर १९४३ सालीं कुडझूचें मंडळच काढलें. दहा वर्षांनीं, म्हणजे १९५३ सालीं, सरकारनें शिफारशीच्या यादींतून त्याचें नांव गाळलें आणि १९७० सालीं त्यास तण ठरविलें.

हा इतिहास आम्हीं केवळ गंमत म्हणून सांगितला नाहीं. शेतकऱ्यांनीं पैसे घेऊन जो कुडझू लावला, त्यांतला पुष्कळसा त्यांच्याच गुरांनीं खाऊन संपविला. सतत ओरबाडलें जाणें या वेलास सोसत नाहीं. कापून वाळवावा तर गुंत्यामुळें गंजी करणें कठीण, म्हणून लोक कंटाळले. टिकला तो रेल्वेच्या भरावांवर आणि सडकेच्या उतारांवर, जेथें गुरांचें तोंड पोंचलें नाहीं. तेथूनच तो झाडांवर चढला. सडकेवरून जाणारास तोच तेवढा दिसतो, आणि त्यामुळें त्याच्याविषयीं अतिशयोक्तीही फार झाली आहे. सत्तर लाख एकर जमीन त्यानें गिळली असें वृत्तपत्रें लिहीत आलीं; अमेरिकन वनखात्याच्या नमुना-पाहणीचा २०१५ सालीं प्रसिद्ध झालेला आंकडा मात्र जंगलांतील सुमारें २,२७,००० एकरांचा आहे. परंतु आपल्या चाळीसांपैकीं सहा एकर ज्याचे गेले त्यास देशाचा आंकडा कमी आहे म्हणून समाधान होत नाहीं.

ओळखण्यास वेल सोपा आहे. वालासारखीं तीन-तीन पानें, पण पुष्कळदां तीं कडेला खांचलेलीं असतात. कोंवळ्या खोडावर तांबूस लव असते. फुलें जुलै ते सप्टेंबरपर्यंत येतात व पुढें लव असलेल्या चपट्या शेंगा धरतात. भर उन्हाळ्यांत तो दिवसास फूटभर आणि हंगामांत साठ फूट वाढूं शकतो. जेथें सांधा जमिनीस टेकतो तेथें मूळ फुटतें, आणि कालांतरानें तेथें एक गड्डा बनतो. हा गड्डाच सर्व उपद्रवाचें ठाणें होय. त्याच्या खालीं मांसल मूळ जातें. जुन्या वेलाचें मूळ बारा फूट खोल व वजनानें दोनशें पौंडांहून अधिक झालेलें आढळतें. थंडीच्या पहिल्या कडाक्यास पानें करपून गळतात, पण मुळांतील पिष्टाच्या जोरावर वसंतांत वेल पुन्हां उठतो. ज्या झाडावर तो चढतो तें उन्हावांचून मरतें. खालीं तर गवताची काडी उरत नाहीं.

येथें कोणी विचारील कीं, हरणें कुडझू खातात. मग तोच राहूं द्यावा. हरणें खातात हें खरें. पण हिंवाळ्यांत, जेव्हां त्यांस चाऱ्याची ओढ लागते, तेव्हां त्या सहा एकरांत काळवंडलेल्या दोरांखेरीज कांहीं नसतें. आणि लावा किंवा टर्की यांस टिपावयास दाणाही नसतो, कारण या वेलास बीं बेताचेंच धरतें.

काढण्याच्या कामांत पहिली चूक बहुतेकांची होते ती ही कीं, ट्रॅक्टर घेऊन ते नांगरट करावयास निघतात. असें कदापि करूं नये. पाल्याखालीं ओघळी, जुन्या विहिरी, तारा व मोडके सामान दडलेलें असतें. यंत्र उलटून माणूस जायबंदी होण्यास तेवढें पुरे. शिवाय नांगरानें गड्डे नुसते इकडून तिकडे ओढले जातात. म्हणून पहिल्या हिंवाळ्यांत, पानें गळल्यावर, काठी घेऊन सबंध जागा पायीं फिरावी. गड्डे दाट कोठें आहेत, उतार किती आहे, याचा नकाशा करावा. आणि हद्दीपलीकडे शेजाऱ्याच्या रानांतही वेल आहे काय तें पाहावें. असल्यास त्यास बरोबर घेतल्यावांचून काम सुरूं करणें म्हणजे रांजणांत पाणी ओतून तळाचें भोंक तसेंच ठेवणें होय.

यापुढें तीन मार्ग आहेत. पहिला चराईचा. जागेस चांगलें कुंपण घालावें, झाडांवर चढलेले वेल कमरेइतक्या उंचीवर तोडावे, आणि शेळ्या किंवा गुरें सोडावीं. हंगामांतील चार-पंचमांश पाला खाऊन जाईल इतकी जनावरें लागतात, आणि हें तीन ते चार वर्षें खंड न पडतां झालें पाहिजे. एक वर्ष सोडलें तर मूळ पुन्हां पोसतें व मागचे श्रम फुकट जातात. शेळ्या राखावयाच्या झाडांची सालही सोलतात, हें त्या तरुणानें विसरूं नये. काकांस तें सांगावयास नको.

दुसरा मार्ग कुदळीचा. लोकांस वाटतें कीं, बारा फूट खोल मूळ उपटल्याशिवाय वेल मरणार नाहीं, तसें नाहीं. फुटवा गड्ड्यांतून येतो. गड्ड्याखालचें मूळ स्वतः फुटत नाहीं. तेव्हां माती बाजूला करून गड्डा तेवढा करवतीनें वा कुऱ्हाडीनें वेगळा काढला व उन्हांत वाळविला कीं, खालचें मूळ जागच्या जागीं कुजतें. अर्ध्या एकरापर्यंत, घरचीं माणसें असतील तर, आम्ही हाच मार्ग सांगूं. सहा एकरांस तो पुरा पडणार नाहीं, कारण एका एकरांत गड्ड्यांची संख्या हजारांनीं मोजावी लागते.

तिसरा तणनाशक औषधाचा. येथें काळ महत्त्वाचा. वसंतांत वेल मुळांतला सांठा वर आणीत असतो. तेव्हां फवारलें तर पानें मरतात, मूळ राहतें. उन्हाळा संपतां संपतां, ऑगस्टच्या मध्यापासून थंडी पडण्यापूर्वीं, वेल पानांतलें अन्न खालीं नेत असतो. त्या वेळीं दिलेलें औषध त्याच वाटेनें मुळापर्यंत जातें. एका फवाऱ्यानें काम भागत नाहीं. दर वर्षीं उरलेले फुटवे शोधून त्यांवर पुन्हां द्यावें लागतें. जुन्या, मोठ्या वेलाच्या बाबतींत वनखात्याच्या तज्ज्ञांनीं चार ते दहा वर्षांचा हिशोब धरला आहे.

कोणतें औषध घ्यावें हा प्रश्न पुढच्या पेरणीशीं जोडलेला आहे, आणि आमच्या समजुतीनें बहुतेकांची फसगत येथेंच होते. क्लोपिरॅलिड व अमिनोपिरॅलिड हीं औषधें कुडझूवर नामी आहेत, कारण द्विदल झाडांवर तीं विशेष लागूं पडतात. पण म्हणूनच तीं जमिनींत राहिलीं असतां क्लोव्हर, चवळी, वाल हीं द्विदल पिकें उगवतांच आंखडून मरतात. पिक्लोरॅम तर याहूनही अधिक काळ टिकतें. ग्लायफोसेट मातीस चिकटून निकामी होतें व पुढच्या पेरणीस अडथळा करीत नाहीं, परंतु तें हिरवें दिसेल तें सर्व मारतें, जवळचें चांगलें झाडही. तेव्हां आधीं काय पेरावयाचें तें ठरवावें व मग डबा विकत घ्यावा. डब्यावरील लेख अक्षरशः पाळणें हा तेथें केवळ शहाणपणाचा नव्हे, कायद्याचा भाग आहे.

वेल मेला कीं जमीन उघडी पडते. जी माती वाहूं नये म्हणून हा वेल लावला, तीच माती पहिल्या मोठ्या पावसांत ओढ्यास जाण्याचा संभव असतो. याकरितां तीव्र उताराचा व ओघळीचा भाग चारापट्टींत मुळींच घेऊं नये. तेथें देशी गवत व झाडेंच लावावीं. मेलेला पाला आडवा पडलेला असेल तर उतारावर तसाच राहूं द्यावा. चारापट्टीस सपाट भाग पुरतो, आणि तोही फार लागत नाहीं: एकूण जमिनीच्या शंभरीं एक ते पांच इतकी जागा साधारणपणें सांगतात. चाळीस एकरांस दोन एकर झाले. सहाच्या सहा एकर पेरण्याचा हट्ट धरण्यांत अर्थ नाहीं.

मातीची परीक्षा अगोदर करावी. जॉर्जियांत प्रत्येक परगण्यांतील कृषिविस्तार कचेरीमार्फत नमुना विद्यापीठाकडे जातो. तेथील लाल माती बहुधा आंबट असते व चुना घालावा लागतो. चुन्याचा गुण यावयास कांहीं महिने लागतात, म्हणून तो पेरणीच्या वेळीं नव्हे तर उन्हाळ्यापूर्वींच टाकावा. नत्र मात्र पहिल्या वर्षीं बेतानेंच द्यावा, कारण कुडझूनें तो सांठवून ठेवलेला असतो.

आतां पिकें. पहिलीं दोन-तीन वर्षें आम्ही केवळ तृणधान्यें पेरण्याचा सल्ला देऊं, आणि त्याचें कारण असें. चवळी, वाल, सोयाबीन हीं सर्व त्रिदळी पानांचीं. त्यांत कुडझूचा फुटवा लपला तर सराईत माणसासही चटकन दिसत नाहीं, आणि दिसला तरी पीक राखून फुटवा मारणारें औषध मिळत नाहीं. गहूं किंवा ओट यांच्या उभ्या पात्यांत मात्र रुंद पान लांबूनही डोळ्यांत भरतें. शिवाय काळही जुळतो. सप्टेंबर-ऑक्टोबरांत गहूं पेरावा, एकरीं सुमारें १०० पौंड. थंडीनें कुडझू निजतो तेव्हां गहूं हिरवा असतो, व हरणांस नेमका त्याच वेळीं चारा मिळतो. वसंतांत फुटवे दिसूं लागले कीं प्रत्येकापाशीं खुंटी रोवून मोजून ठेवावे. उन्हाळ्यांत ज्वारी किंवा बाजरीच्या जातीचें बारीक धान्य घेतलें तर लावे व होले यांस दाणा होतो. होल्यांसंबंधानें एक कायदा जाणून घ्यावा: उभें पीक कापून पाडणें चालतें, पण बाहेरून दाणा आणून पसरला व त्यावर शिकार केली तर तें आमिष ठरून शिक्षा होते.

फुटवे दिसेनासे झाल्यावर द्विदलांस हात घालावा. हिंवाळी गव्हांत तांबड्या तुऱ्याचें क्लोव्हर (एकटें असल्यास एकरीं २० पौंड), बीं पाव इंचाहून खोल न टाकतां व त्याच्या जातीचें जंतुसंवर्धन चोळून. उन्हाळ्यास मे महिन्यांत चवळी, वाल किंवा ताग. होय, आपला हिरवळीच्या खताचा ताग तेथें हरणांसाठीं पेरतात, आणि वालही. याहून मौजेची गोष्ट टर्कीची. हा पक्षी जमीन उकरून कंद खातो, म्हणून त्याच्यासाठीं ‘चूफा’ नांवाचें जें पीक मुद्दाम बीं विकत घेऊन लावतात, तो आपल्या लव्हाळ्याचा अगदीं जवळचा भाऊ आहे. आमच्या ज्या वाचकांचें आयुष्य लव्हाळा खणण्यांत गेलें त्यांनीं हें वाक्य पुन्हां वाचलें तरी तें असेंच आहे.

लहान पट्टींत वाल किंवा सोयाबीन उगवतांच हरणें तें जमिनीबरोबर खाऊन टाकतात व पेरणाऱ्यास वाटतें कीं बीं खराब निघालें. यासाठीं तारेचा एक पिंजरा, तीन-चार फूट व्यासाचा, पट्टीच्या मध्यें उभा करावा. आंतील पीक व बाहेरील पीक यांची तुलना केली म्हणजे दोष बियाण्याचा कीं तोंडांचा हें आठ दिवसांत समजतें. आणखी एक सूचना वालाविषयीं. २००९ सालीं जॉर्जियांत कुडझूवर जगणारा एक लहान, हिरवट-पिंगट ढेकूण आढळला. तो सोयाबीनचें नुकसान करतो. आपल्याकडे वालाच्या वेलावर रस शोषीत गोळ्यागोळ्यांनीं बसतो तोच हा. त्यानें कुडझू दुबळा होतो हें ठीक, पण शेजारीं सोयाबीनचें शेत असेल तर वेल राखून ठेवणें हा शेजाऱ्याचाही तोटा आहे.

चारापट्टीवर आक्षेपही आहेत व त्यांत तथ्य आहे. हरणांच्या पोटांत जाणारा बहुतेक पाला देशी झुडपांचा असतो. रान विरळ करून सूर्यप्रकाश खालीं आणला तर दोन एकर पेरण्याहून अधिक चारा फुकट उभा राहतो. त्यांतच, १९६७ सालीं कोलोरॅडोंत प्रथम दिसलेला हरणांचा क्षयकारक रोग आतां पुष्कळ संस्थानांत पसरला आहे. एकाच जागीं जनावरें गोळा केल्यानें तो फैलावण्याची भीति असते. धान्याचा ढीग घालण्यापेक्षां पसरट पीक बरें, एवढेंच म्हणतां येईल. म्हणून आमच्या मतें त्या तरुणानें कुडझूच्या मुक्तीस मुख्य काम समजावें व पेरणीस जोडकाम.

हा अंक त्यांस पोंचेपर्यंत तिकडे थंडी पडली असेल तर त्यांनीं काठी घेऊन फिरावें व नकाशा करावा. नसेल तर कुंपणाचा खर्च काढावा. दोन वसंतांतील खुंट्यांची मोजणी त्यांनीं काकांमार्फत कळविल्यास ती आम्ही या मासिकांत छापूं.